गायक-वादकांचे आरोग्य व आपल्या हातातील नवे साधन

कोल्हापुरास 'कलापूर' म्हणण्याची जुनी रीत आहे व ती निष्कारण पडलेली नाही. ज्या नगरीत १८८३ साली गायन समाज देवल क्लबासारखी संस्था उभी राहिली, जेथे राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांसारखा थोर गवई नांदला, जेथे संगीतसूर्य केशवराव भोसले जन्मास आले, त्या नगरीतील मुलांच्या कानी सूर पडतो तो पाळण्यातच. आमच्या शाळेतही गाणाऱ्या कंठांची व वाजविणाऱ्या हातांची उणीव कधी भासली नाही. नाताळची गीते, रविवारची उपासना, वार्षिक स्नेहसंमेलन, घराशेजारचे भजन, गणेशोत्सवातील ढोल-ताशे, असा वर्षभराचा क्रम चालूच असतो.

मिरजेचा तंबोरा घरी आला म्हणजे त्यास आपण किती जपतो! त्यास गवसणी घालतो, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवतो, भोपळ्यास धक्का लागू नये म्हणून लहानांस दटावतो. या मिरजेच्या तंबोऱ्यास व सतारीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या प्रांतातील प्रत्येक संगीतप्रेमी मनुष्यास अभिमान वाटला. परंतु ज्या कंठाच्या साथीसाठी तंबोरा छेडावयाचा, त्या कंठास गवसणी कोणती? जे कान सूर पारखतात व जी बोटे तो उमटवितात, त्यांची निगा कोणी राखावयाची? या प्रश्नांची उत्तरे शास्त्राजवळ आता पुष्कळ अंशी आहेत. ती गायक-वादकांपर्यंत पोहोचत नाहीत, ही खरी अडचण होय. आणि ती पोहोचविण्याचे साधन जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात असताना आपण त्याचा त्या कामी उपयोग करीत नाही, हे आम्हांस खटकते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

कंठाच्या शास्त्राचा पाया एका गायनशिक्षकाने घातला, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात धरण्याजोगी आहे. मॅन्युएल गार्सिया हे गृहस्थ लंडन येथे गायन शिकवीत असत. गाताना कंठात काय घडते हे प्रत्यक्ष पाहावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि आपलेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढील वर्षी, म्हणजे १८५५ साली, त्यांनी आपली निरीक्षणे रॉयल सोसायटीपुढे मांडली. आमच्या अल्लादियाखाँसाहेबांचा जन्मही त्याच वर्षीचा. आज घशाचे डॉक्टर ज्या उपकरणांनी स्वरयंत्र तपासतात, त्यांची परंपरा गार्सियांच्या त्या छोट्या आरशापर्यंत जाऊन पोहोचते. सारांश, संगीत व वैद्यक ही दोन परकी घरे नव्हेत. त्यांचा सोयरसंबंध फार जुना आहे.

त्या स्वरतंतूंचे काम किती कष्टाचे असते, हे साध्या गणिताने कळेल. काळी एकच्या षड्जावर गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू एका सेकंदात सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आपटतात. काळी चारच्या षड्जावर गाणाऱ्या स्त्रीचे सुमारे २०८ वेळा. नुसता षड्ज तासभर लावून धरला तरी हा हिशेब अनुक्रमे पाच लाखांवर व साडेसात लाखांच्या घरात जातो. आणि तार षड्जास तो दुप्पट होतो. दीड-दोन सेंटिमीटरांच्या नाजूक पडद्यांनी एवढे काम करावयाचे, तेव्हा त्यांस विसावा पाहिजे, ओलावा पाहिजे व बेताचा ताण पाहिजे, हे उघड आहे. ओरडून गाणे, घसा बसलेला असताना गात राहणे, वारंवार खाकरणे यांमुळे त्या पडद्यांवर सूज येते व पुढे गाठी धरतात. वेळीच ध्यानात आले तर विश्रांतीने व आवाजाच्या योग्य व्यायामांनी अशा गाठी बहुधा निवळतात. उपेक्षा केली तर आवाज कायमचा घोगरा होण्याचे भय असते.

केवळ गवयांचीच ही कथा नव्हे. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकांची एक मोठी पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. उत्तरे पाठविणाऱ्या २,२१२ वादकांपैकी शेकडा ८२ जणांनी काही ना काही शारीरिक तक्रार नोंदविली, आणि शेकडा ७६ जणांची निदान एक तक्रार वादनात व्यत्यय आणण्याइतकी तीव्र होती. ज्यांची आयुष्ये शिस्तबद्ध शिक्षणात गेली त्या वादकांची ही अवस्था, तर दिवसभर दुकानात किंवा शेतात राबून रात्री भजनास मृदंग वाजविणाऱ्याच्या मनगटाचा विचार कोण करणार? आणि आम्हां शिक्षकांचे काय? तेथीलच दोन राज्यांत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, आयुष्यात केव्हा तरी आवाजाचा विकार झालेल्या शिक्षकांचे प्रमाण शेकडा ५७.७ होते, तर इतर लोकांत ते शेकडा २८.८ होते. वर्गात मोठ्याने शिकवून संध्याकाळी गायनवृंदास तालीम देणाऱ्या शिक्षकाचा कंठ दुहेरी ओझे वाहतो.

आता रियाजाविषयी. अधिक रियाज म्हणजे अधिक सिद्धी, असा समज आपल्याकडे दृढ आहे. परंतु १९९३ साली बर्लिन येथील संगीतविद्यालयातील व्हायोलिनवादकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याची एक बाजू लोक सांगतात व दुसरी विसरतात. उत्तम वादकांनी लहानपणापासून इतरांपेक्षा कितीतरी अधिक तास रियाज केला होता, हे खरे. पण तेच वादक झोपही अधिक घेत, दुपारी विसावत, आणि रियाजाचे तुकडे पाडून मधे स्वस्थ राहत. विश्रांती हा रियाजाचा शत्रू नसून त्याचाच एक भाग आहे, हा त्याचा अर्थ होय.

हे ज्ञान वैद्यकाच्या नियतकालिकांत, परिषदांत व रुग्णालयांत आहे. गायक-वादकांच्या विकारांस वाहिलेले एक स्वतंत्र नियतकालिक अमेरिकेत १९८६ पासून निघत आहे. परंतु ते इंग्रजीत, विद्वानांच्या परिभाषेत, व बहुधा पैसे भरून वाचावयाचे. त्याचा लाभ आमच्या चर्चमधील पेटी वाजविणाऱ्यास किंवा भजनी मंडळातील बुवांस कसा व्हावा? त्यांच्यापर्यंत पोहोचते ते निराळेच. घसा बसला की कुजबुजत बोलावे, असे सांगतात. वास्तविक कुजबुजताना पुष्कळांच्या स्वरयंत्रावर उलट अधिक ताण पडतो. गरम पाण्याचा घोट स्वरतंतूंस शेकतो, असे सांगतात. तो घोट अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंस शिवतही नाही. पाण्याचा उपयोग होतो तो दिवसभर बेताबेताने प्यायल्यानेच. ढोलपथकात उभे राहताना कानात कापूस कोंबला की झाले, असे मानतात. कापसाने मोठा आवाज फारसा अडत नाही, त्यासाठी मुद्दाम बनविलेली बोंडेच पाहिजेत. रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून लागलीच आडवे झाल्याने पोटातील आम्ल कंठापर्यंत चढू शकते व सकाळी आवाज जड होतो, ही साधी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

या ठिकाणी कोणी अल्लादियाखाँसाहेबांचे उदाहरण पुढे करील. तरुणपणी एका संस्थानिकाच्या आग्रहाखातर दिवसामागून दिवस अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला व सुमारे दोन वर्षे परतला नाही. परतला तेव्हा तो पूर्वीचा नव्हता. त्या बदललेल्या आवाजास शोभेल अशी पेचदार, लयबद्ध गायकी त्यांनी घडविली, आणि तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची शान ठरली. ही कथा आपल्या शहरात फार आदराने सांगितली जाते, व ती आदरास पात्रच आहे. परंतु तिच्यावरून आवाज गेल्यानेच कला सिद्ध होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे, वादळातून एक नाव तरली म्हणून वादळ हितकर म्हणण्यासारखे होय. खाँसाहेबांचा विजय त्यांच्या अलौकिक बुद्धीचा व धैर्याचा होता. आवाज बसण्याचा नव्हे. ज्यांचे कंठ गेले ते परतलेच नाहीत, त्यांची नावे कोणत्याही घराण्याच्या इतिहासात नाहीत, आणि म्हणूनच ती आपल्या कानी येत नाहीत.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याजवळ आहे. कुमार गंधर्व यांस ऐन तारुण्यात क्षयाने ग्रासले व ते पुन्हा गाऊ शकतील ही आशा पुष्कळांनी सोडली. त्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध उपलब्ध झाले. त्या उपचाराने ते उठले व १९५३ साली पुन्हा मैफलीस बसले. एका फुप्फुसाची शक्ती खचली असताही त्यांनी पुढे जे गायन केले, ते महाराष्ट्र विसरणार नाही. संशोधनाचे फळ योग्य वेळी गवयाच्या दाराशी पोहोचले म्हणजे काय होते, याचा याहून बोलका दाखला कोणता?

ज्ञान दाराशी पोहोचविण्याची ही खटपट आपल्या प्रांतास नवी नाही. चंदूरसारख्या आपल्या जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेले पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांनी शिकण्यासाठी सोसलेले हाल प्रसिद्ध आहेत. तेच बुवा पुढे मुंबईस गेल्यावर 'संगीतदर्पण' नावाचे मासिक काढतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांस इजा झाली, आणि उपचारासाठी मिरजेस गेले असताना संगीत त्यांच्या हाती लागले. त्यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले व स्वरलिपीची पुस्तके छापून विद्येची कवाडे सामान्य माणसास उघडली. त्यांचे शिष्य प्रोफेसर बा. र. देवधर मिरजेचेच. त्यांनी आवाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, 'आवाज साधना शास्त्र' हे पुस्तक लिहिले, आणि १९४७ साली सुरू झालेल्या 'संगीत कला विहार' या मासिकाचे संपादन केले. कुमार गंधर्व हे त्यांचेच शिष्य. आणि आवाजाच्या शास्त्रावर पुढे अधिकारवाणीने बोलणारे डॉ. अशोक रानडे यांनीही त्यांजकडून विद्या घेतली. शिवाय ज्या मिरजेत ही संगीतविद्या वाढली, तेथेच डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडून त्या नगरीस वैद्यकाचेही माहेरघर केले. एका नगरीत कंठ घडविणारेही होते व कंठ बरा करणारेही होते. त्या दोघांमध्ये रोजचा बोलणे-चालण्याचा पूल बांधणे, हे आमच्या पिढीचे काम आहे.

हा पूल कशाचा बांधावा? ज्या त्या पिढीने आपल्या काळातील नवे साधन हाती घेतले. बाळकृष्णबुवांनी मासिक काढले, पलुस्करांनी छापखान्याचा उपयोग केला, देवधरांनी लेखणी चालविली. आमच्या काळी ते साधन म्हणजे फोनवरील समाजमाध्यमे. आज गायनवृंदाचा व्हॉट्सॲपवर गट असतो, भजनी मंडळाचा असतो, ढोलपथकाचा असतो. तालमीची वेळ त्यावर कळते, नवी चाल यूट्यूबवर ऐकली जाते. ज्या वाटेने चाल येते त्याच वाटेने कंठाची निगाही येऊ शकेल.

यावर आक्षेप येतील व ते फोल नाहीत. पहिला असा की, या माध्यमांत खऱ्यापेक्षा खोटेच फार फिरते. हे खरे आहे. मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी ट्विटरवरील सुमारे १,२६,००० वार्तांचा माग काढून २०१८ साली दाखविले की, खोटी वार्ता खरीपेक्षा अधिक दूर व अधिक वेगाने जाते. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष कोणता? गावात तोतया वैद्य फार झाले म्हणून खऱ्या वैद्याने गाव सोडावे काय? जाणत्यांनी मौन धरले तर मैदान अजाणत्यांसच मोकळे राहील. दुसरा आक्षेप असा की, फोनवरील सल्ला वाचून लोक डॉक्टरांकडे जाणार नाहीत. म्हणूनच प्रत्येक लेखात किंवा चित्रफितीत, कोणत्या लक्षणास घरी उपाय पुरे व कोणत्यास तपासणीच पाहिजे, ही सीमा स्पष्ट आखली पाहिजे. तिसरा आक्षेप गुरूंच्या मानाचा. शिष्याने फोनवर पाहून गुरूस दुरुस्त करावे, हे आम्हांसही रुचणार नाही. पण शास्त्र गुरूंच्या विरुद्ध नाही. ज्या गुरूने मंद्र साधनेने रियाजास आरंभ करविला, घसा दुखत असता शिष्यास नुसते ऐकत बसविले, त्याने अनुभवाने जे जाणले होते त्याचेच कारण आज शास्त्र सांगते. म्हणून आमची सूचना अशी की, डॉक्टरांनी एकट्याने उपदेश करू नये. एक डॉक्टर व एक गवई यांनी जोडीने बोलावे. डॉक्टर स्वरतंतू दाखवील, गवई तान घेऊन तो कोठे थकतो हे सांगेल. गार्सिया गवई होते हे विसरू नये. संगीतकार हा संशोधनाचा केवळ ग्राहक नव्हे, तो त्याचा भागीदार आहे.

असे ज्ञान पाठविणाऱ्यांनी पाच पथ्ये पाळावीत. सांगणाऱ्याचे नाव व अधिकार वर लिहिलेला असावा. भाषा आमच्या घरातील मराठी असावी. 'काळी चार' म्हटल्याने जे कळते ते परिभाषेने कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, पण ती अर्धवट सांगू नये. एका पाहणीवरून सर्व जगाचा नियम ठरवू नये. आणि कोणाच्याही आजाराची वार्ता त्याच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडू नये. ज्याची उपजीविका आवाजावर आहे त्याचे त्यात मोठे नुकसान असते.

विद्यार्थिमित्रहो, घरात फोन सर्वांत सफाईने चालविणारे तुम्हीच. तेव्हा या कामाचा मोठा वाटा तुमचाच आहे. एखादा उपाय पुढे ढकलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: हे कोण सांगतो? त्यास ते कशावरून कळले? हे विकण्यात त्याचा काही लाभ आहे काय? उत्तर न मिळाल्यास तो निरोप तुमच्यापाशीच थांबू द्या. आणि काही गोष्टी आजच ध्यानात धरा. गाता गाता आवाज एकाएकी गेला, तर त्याच क्षणी थांबा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलेच पाहिजे. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो, तो दोष नव्हे. त्या दिवसांत सोप्या पट्टीत हळुवार गावे, जुने उंच सूर हट्टाने ओढू नयेत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असा अमेरिकेतील कामगार-आरोग्याचा दंडक आहे. दर तीन डेसिबलने ती मुदत निम्मी होते, म्हणून १०० डेसिबलला ती अवघी पाव तास उरते. फोनवर आवाज मोजण्याची सोय घेता येते. ते मोजमाप तंतोतंत नसले तरी मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे उभे राहावे की नाही, हे ठरविण्यास पुरेसे आहे. कानातील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि सूर ऐकू न येणाऱ्यास सूर लावताही येत नाही.

पालकवर्गास आमची विनंती वेगळी आहे. मुलगा किंवा मुलगी उत्तम गाते, हा आनंद आहे. परंतु स्पर्धा जवळ आली म्हणून बसलेल्या घशाने तिला तालमीस बसवू नका, व बक्षिसाच्या लोभाने तिच्या वयास न पेलणारी पट्टी तिच्या गळ्यात बांधू नका. मनगट दुखते म्हणणाऱ्या तबलजी मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याची बैठक व रियाजाचे तास पाहा. एक स्पर्धा हुकली तर पुढल्या वर्षी दुसरी येते. कंठ एकच मिळतो.

प्रेषित पौलाने शरीरास मंदिराची उपमा दिली आहे, आणि आम्ही ख्रिस्ती लोक ती वारंवार उच्चारतो. ज्या शरीरातून देवाची स्तुती निघावयाची, त्याची हेळसांड करून ती स्तुती गोड होणार नाही. दिवा लावून तो मापाखाली झाकू नये, ही प्रभूची शिकवणही आपणांस ठाऊक आहे. गायक-वादकांच्या आरोग्याचा दिवा शास्त्रज्ञांनी मोठ्या परिश्रमाने लावला आहे. त्याचा उजेड रुग्णालयाच्या भिंतींत कोंडून न राहता गायनवृंदात, भजनी मंडळात, ढोलपथकात व देवल क्लबाच्या बैठकीत पोहोचावा, आणि तो पोहोचविणारे हात या शाळेच्या मुलांचे असावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे.